चार जाड तारा आणि काष्ठमौन

भाद्रपदातली दुपार कलली होती आणि ढग धारूरच्या घाटात असे खाली उतरले होते, की एस.टी. आधी ऐकू यायची, मग दिसायची. पाऊस म्हणावा तर पाऊस नव्हता, नुसती भुरभुर. त्या भुरभुरीत घाट चढून वर आलेली एक मोटारसायकल गावाच्या पहिल्या वळणावर, बंकट पांचाळांच्या दुकानासमोर, आपोआप थांबल्यासारखी थांबली.

गाडीवरच्या तरुणाला तिथं थांबायचं नव्हतं. त्याला अंबाजोगाई गाठायची होती. पण दुकानाच्या तोंडाशी ठेवलेल्या शिसवी देव्हाऱ्यावर त्याची नजर गेली. देव्हाऱ्याच्या खांबावरून पितळी तारेची वेल वर चढली होती आणि तिला शिंपल्याची पानं होती... ओल्या उजेडात ती कधी गुलाबी दिसत, कधी हिरवी. त्यानं पाठीवरचं काळ्या घोंगडीचं लांबलचक गाठोडं सावरलं आणि तो आत डोकावला.

आत तेजश्री एकटीच होती. बंकटरावांची एकुलती एक लेक. देव्हारे बंकटराव करायचे, पण देव्हाऱ्यांवरच्या वेली सगळ्या हिच्या हातच्या. मांडीवर पाट घेऊन ती एका पानाची कड कानशीनं उतरवत बसली होती.

"ओ ताई, काका हायेत का?"

तेजश्रीनं वर पाहिलं, आणि पुन्हा पानाकडं पाहिलं.

"ही पानं कुणी बसवलीत? ...ताई?"

उत्तर नाही.

आता त्या बिचाऱ्याला कसं कळावं की आज सोमवार होता! या चातुर्मासात तेजश्रीनं सोमवारचं मौन धरलं होतं. तेही साधंसुधं नाही, काष्ठमौन. उठल्यापासून तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावीपर्यंत तोंडातून शब्द नाही, लिहून दाखवणं नाही, मानेनं हो-नाही करणंसुद्धा नाही. लाकडासारखं राहायचं. हातानं काम करायला हरकत नाही. गावातल्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं, त्यामुळं सोमवारी दुकानाकडं कुणी फिरकत नसे. बंकटरावसुद्धा त्या दिवशी माल पोचवायला बाहेर पडत. म्हणायचे, "घरी बसून करू काय? देव बोलत न्हाई, पोरगी बोलत न्हाई."

तरुणाचा चेहरा एकदम पडला. "अरे द्येवा... माफ करा बरं का. ऐकू येत न्हाई वाटतं तुमाला."

आणि मग असल्या वेळी सगळेच करतात तेच त्यानं केलं. हातवारे सुरू केले. हवेत गिटार काढली, ती वाजवून दाखवली, घाटात गाडी घसरली ते दाखवलं, गिटार पडली ते दाखवलं आणि शेवटी आपण कसे रडलो तेही दाखवलं. तेजश्रीनं गालाचा आतला भाग दाताखाली घट्ट धरून ठेवला. काष्ठमौनात हसूही बसत नाही.

मग त्यानं घोंगडी उलगडली, आणि तेजश्री हातातलं पान विसरली.

गिटार तिनं पाहिली होती, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात. पण ही तसली नव्हती. ही लांब होती, अंगानं भरलेली, आणि हिला ताराच मुळी चार, सुंभासारख्या जाड. धडाला दोन शिंगं, वरचं लांब आणि खालचं आखूड, जणू एका बाजूला मान कलवून उभा असलेला खोंड. आणि मान... मान धडाला जोडलेलीच नव्हती! डोक्यापासून बुडापर्यंत एकच दांडी सरळ आरपार गेली होती आणि धडाचे दोन भाग पाखराच्या पंखांसारखे तिच्या दोन अंगांना बिलगले होते. त्या दांडीतही पट्टे होते. काळपट शिसव, पिवळा हळदू, पुन्हा शिसव, पुन्हा हळदू. लुगड्याच्या काठासारखे. मानेवरच्या काळ्या पट्टीवर, सुरांच्या पडद्यांच्या मधून मधून, शिंपल्याची एक वेल वळत वळत वर गेली होती. तिचं एक पान गळून गेलं होतं. आणि डोक्याच्या जरा खाली, जिथं मान बारीक होते, तिथं भेग.

तिनं गिटार मांडीवर घेतली. बोटाच्या पेरानं बुडापासून टिचक्या मारत वर गेली. टक... टक... टक... लाकूड एका सुरात बोलत होतं. भेगेपाशी ते एकदम घोगरं झालं.

"दुखतंय ना तिला तिथं?" तो हळूच म्हणाला, आणि समोरच्या ओंडक्यावर बसला. ऐकणारं कुणी नाही असं वाटलं की माणसाचं मन मोकळं होतं. तो बोलत राहिला. त्याचं नाव अभिमन्यू. सिरसाळ्याच्या हनुमानच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत तो बेस गिटार वाजवतो. हा एकटाच लेक, घरी मेंढरं, आई-बाप वर्षातले आठ महिने रानोमाळ. ही गिटार त्याच्या उस्तादाची, परळीच्या सटवामास्तरांची. मास्तर जवानीत हैदराबादला एका ऑर्केस्ट्रात होते. तिथल्या एका फर्निचरवाल्या कारागिरानं नुसता परदेशी गिटारचा फोटो बघून ही हातानं घडवली, पन्नासेक वर्षं झाली असतील. जग सोडून जाताना मास्तरांनी ती ह्याच्या हातात दिली.

"लोकांना वाटतंय, बेस म्हणजे काय, नुसतं ढम्म ढम्म. गाण्यात ती ऐकूच येत न्हाई कुणाला. पण काढून घ्या, गाणं बसकण मारतंय." तो थांबला. तिच्याकडं पाहत राहिला. "तुमचे डोळे असे हायेत ना, की... जाऊ द्या. ऐकू येत न्हाई म्हणून बोलतोय. ऐकू आलं असतं तर कुठली हिंमत!"

बाहेर उजेड मावळायला आला होता. तेजश्री उठली. हातपाय धुतले, आतल्या देव्हाऱ्यापुढं दिवा लावला, हात जोडले. मग परत येऊन, पदर सावरून, आपल्या हळू आवाजात म्हणाली,

"मान मोडली नाही. नुसती भेगाळलीय. जुळंल."

अभिमन्यू ओंडक्यावरून खाली घसरला.

"तु... तुमी बोलताय?"

"सोमवारी नाही बोलत. दिवा लावल्यावर बोलते."

"आणि... ऐकू?"

"ते सोमवारी पण येतं," तेजश्री म्हणाली, आणि खाली पाहून भुसा झटकू लागली.

*

पितृपक्ष होता. पंधरवड्यात कार्यक्रम नसतात, त्यामुळं अभिमन्यूला वेळच वेळ. आज गिटारचं काय झालं बघायला म्हणून यायचा, उद्या काही झालं का बघायला म्हणून यायचा. बंकटराव एका कोपऱ्यात रंधा मारत असत. रंध्याच्या आवाजात त्यांना काय ऐकू जायचं आणि काय नाही, ते देवालाच ठाऊक.

"तुमी लई सावकाश काम करता," तो म्हणायचा.

"घाई असेल तर खिळा ठोकून देते."

"नको नको! घाई कुणाला हाय? ...ताई तर आमी तुमाला पहिल्या दिवशी म्हणलो. ते परत घेता येतंय का?"

"बोललेलं परत येत नाही. म्हणून तर माणसानं मौन धरावं," ती म्हणायची, आणि तिच्या गालाला बारीकशी खळी पडायची.

तारा उतरवण्याआधी त्यानं तिला एकदा गिटार वाजवून दाखवली. बाकीच्या तिन्ही तारा ढिल्या करून ठेवल्या होत्या. सगळ्यांत जाड तेवढी एक, तीही अर्धीच ओढलेली. "यंत्र नको, लाइट नको," तो म्हणाला. "तुमी फकस्त त्या बाकड्यावर हात ठेवा." त्यानं गिटारचं बूड सागवानी बाकड्याला टेकवलं आणि तार छेडली.

कानाला फारसं काही आलंच नाही. पण बाकडं जागं झालं. तळहाताखालून, मनगटातून, कोपरापर्यंत काहीतरी गोल, गरम असं चढत आलं... देवळात मोठी घंटा वाजून गेल्यावर खांबाला हात लावावा, तसं. बाकड्यावरचा भुसा बारीक थरथरला आणि त्याच्यात आपोआप नक्षी उठली. तेजश्रीचे डोळे मिटले ते तिचं तिला कळलं नाही.

"आलं?" त्यानं विचारलं.

"...परत."

त्यानं परत वाजवली. रंध्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबला होता.

मग तिनं गिटार खोलायला घेतली. तारा काढल्या, पितळेची बारकी पट्टी काढली जिच्यावरून तारा मानेवर उतरतात. आवाज कमी-जास्त करायची बटणं लाकडाची होती, कारागिरानं हातानं घडवलेली, प्रत्येकाच्या माथ्यावर शिंपल्याचा एक ठिपका. पाठीमागं, आतल्या वायरींवर, एक लाकडी झाकण होतं. ते तिला आधी सापडेचना. धडाच्याच लाकडातून ते असं कापलं होतं, की लाकडाच्या रेघा झाकणावरून न तुटता पुढं जात होत्या.

"हे बघा," ती नवलानं म्हणाली. "पाठ कुणी बघत नाही. तरी केवढं मन लावलंय."

"कावून लावलं असंल?"

"बाबा देव्हाऱ्याची पाठ पण घासतात. म्हणतात, पुढून माणसं बघतात, मागून देव."

आणि एक गंमत तिला शिंपल्याच्या पानांत सापडली. भिंग लावून पाहिलं तर प्रत्येक पानाच्या मधोमध दोन बारीक भोकं, काळ्या लाखेनं बुजवलेली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग एकदम हसली.

"गुंड्या आहेत ह्या! शेरवानीच्या गुंड्या. कुणाच्यातरी शेरवानीच्या गुंड्या कापून ही वेल केलीय."

"म्हणजे मास्तर खरं सांगत होते!" अभिमन्यूनं कपाळाला हात लावला. "म्हणायचे, लग्नाची शेरवानी मोडून गिटार सजवली. आमी म्हणायचो, म्हातारा फेकतोय."

गळालेल्या पानाच्या जागी तिनं नवीन पान बसवलं. तसंच, दोन भोकांचं. गुंडी कुठून आणली, विचारल्यावर ती म्हणाली, "होती घरात." भेगेत चिकटवायचा कोमट सरस सोडला, लाकूड दाबून धरायला शिकंजे आवळले. पाठीमागून भेगेला आडव्या, बोटाच्या पेराएवढ्या दोन खाचा पाडून त्यांत शिसवीच्या पातळ चिपा बसवल्या, हातांत हात गुंफावे तशा. नवरात्र आलं. अभिमन्यू दुसऱ्याची गिटार मागून जागरणांत वाजवून यायचा आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी दुकानात हजर.

"शिकंजे काढले तरी तारा लगेच ओढायच्या नाहीत," तिनं बजावलं. "चार तारांची ओढ म्हणजे थोडी नाही. सांधा पुरता वाळू दे. वरून कोरडा दिसतो, आत ओला असतो."

"माणसावानी," तो म्हणाला.

त्या दिवशी तिच्या हातून वेलीचं एक पान उलटं बसलं, आणि ते उकरून काढताना तिला स्वतःचाच राग आला, आणि राग काही टिकला नाही.

*

दसरा झाला. सीताफळांचे डोळे उघडले. घाटाच्या कडेनं बायका पाट्या मांडून बसल्या आणि साऱ्या गावाला गोड वास सुटला. अशाच एका सोमवारी, दुपारी, बंकटराव केजला देव्हारा पोचवायला गेले असताना अभिमन्यू आला. आज तो ओंडक्यावर बसला नाही. उभाच राहिला.

"मुद्दाम सोमवारी आलो," तो म्हणाला. "दुसऱ्या वारी माझ्यानं बोलवलं नसतं. तुमी एखादा शब्द टाकता, आणि मी सगळं विसरतो."

तेजश्री खाली मान घालून खाचेत तार बसवत होती.

"पुढल्या सोमवारी पार्टी विदर्भात चाललीय. तुळशीच्या लग्नापर्यंत तिकडंच. त्याच्या आधी एक विचारायचंय. मी मेंढपाळाच्या घरचा. नोकरी न्हाई, रातची जागरणं... पण मला तुमच्याशी लगीन करायचंय. तुमी... तुमी हो म्हणलात तर काकांशी बोलतो. न्हाई म्हणलात, तरी गिटार तुमची आठवण काढंल, मी न्हाई काढणार." तो स्वतःशीच कसनुसा हसला. "खोटं हाय ते. ...आता उत्तर नको. दिवा लागला की येतो."

तो गेला. तेजश्रीच्या हातातली पितळी तार खाचेत सरळ बसेना. ओठांच्या आत एक शब्द येऊन बसला होता, एकाच अक्षराचा, आणि दिवेलागण अजून केवढी लांब होती! मनातल्या मनात ती देवाला म्हणाली, आज सूर्य जरा लवकर बुडू दे.

पण त्याच्याआधी आत्या आली.

भिवराबाई, बंकटरावांची थोरली बहीण, उमापूरची. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती सुरू झाली. "बंकट कुठं गेला? बरं, असू दे. तुझ्यासाठीच आलेय. माजलगावचं स्थळ हाय. पोरगा तालुक्याला सरकारी नोकरीत. एकटाच. घर पक्कं. तुझा फोटो बघून खूश झालेत. आता तू सांग, कळवू का त्यास्नी? ...आगं, बोल की."

तेजश्री बोलली नाही. मान हलवली नाही. काष्ठ म्हणजे काष्ठ. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी तरारलं.

"आता गं बया! लाजली!" आत्यानं तिची अलाबला घेऊन कानशिलावर बोटं मोडली. "डोळं भरून आलं लेकराचं. आई असती तर... असू दे, असू दे. न बोलणं म्हंजी होकारच की." आणि अंगणात जाऊन तिनं फोन लावला.

आत्याला मौनाचं कुणी सांगितलंच नव्हतं. हे व्रत याच वर्षीचं, आणि उमापूर काही जवळ नाही.

तिन्हीसांज झाली. तेजश्री आत देव्हाऱ्यापुढं बसून वात वळत होती. वात नीट वळत नव्हती. बाहेर मोटारसायकल थांबल्याचं तिनं ऐकलं. आणि त्याच्यापाठोपाठ आत्याचा ठणठणीत आवाज:

"या पावनं! गूळ घ्या, तोंड गोड करा. आमच्या तेजूचं लगीन जमलं. आत्ताच! हो, पोरगी राजी हाय, माझ्यापुढं राजी झाली."

काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. बाहेर कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "...चांगलं झालं. माझी गिटार तेवढी घेऊन जातो." दिवा लागला. तिनं हात जोडले न जोडले, आणि धावत बाहेर आली.

"अहो —"

वळणावर लाल दिवा दिसला आणि धुक्यात बुडाला.

"काय गं? कुणाला हाक मारतीस?"

"आत्या, मी कधी हो म्हणाले?"

"आता न्हाई का, दुपारी —"

"दुपारी माझं मौन होतं!"

भिवराबाई गुळाचा खडा हातात धरून तशीच उभी राहिली. "कसलं मौन? आणि असलं मौन कोण धरतंय गं? निदान मान तरी हालवायची!"

"मान पण हलवायची नसते त्यात."

"आसला कसला बाई तुझा देवधर्म!" आत्या मटकन खाली बसली. मग बराच वेळ विचार करून तिनं फोन काढला. चूक तिची होती आणि ती निस्तरायला ती घाबरली नाही, हे तिच्या पदरात टाकलंच पाहिजे. "हॅलो... राम राम पावनं. न्हाई, तसं न्हाई... पोरगी चांगलीच हाय. पर चुकी माझी झाली. ती तवा बोलत न्हवती... न्हाई हो, मुकी न्हाई! आता लई बोलतीया, त्येच तर!"

रात्रीच्या जेवणाला बंकटराव ताटावर बसले. बहिणीनं सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि लेकीकडं न बघता विचारलं, "मग ह्या पोरीच्या मनात हाय तरी कोण?"

तेजश्री गप्प.

"दिवा लागलाय आता," बंकटराव म्हणाले.

"...गिटारवाले."

"धनगराचं पोरगं."

"हो."

बंकटराव जेवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "कालवण वाढ." त्यापुढं त्या रात्री काही नाही.

*

दुसऱ्या दिवशी तिनं अभिमन्यूला फोन लावला. उचलला हनुमाननं.

"अभ्या? तो फोन माझ्याकडं टाकून मेंढरांकडं गेलाय, डोंगरात. कुणाशी बोलायचं न्हाई म्हणाला. गिटार तेवढी घेऊन गेलाय येडं. सोमवारी सकाळी येईल, मग आमी निघतोयच. काही निरोप हाय का?"

निरोप तर एवढा मोठा होता. पण परक्या माणसाच्या हाती तो कसा द्यायचा?

"...सरस वाळू द्या म्हणावं," तेजश्री म्हणाली, आणि फोन ठेवून कपाळावर हात मारून घेतला.

दिवस सरले. धुकं यायचं, जायचं. आणि सोमवार उजाडला.

सकाळीच एक टेम्पो दुकानासमोर थांबला. वर ढोलकी, पेट्या, स्पीकर दोरीनं आवळलेले. अभिमन्यू खाली उतरला. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडीचं गाठोडं. तो सरळ बंकटरावांपुढं जाऊन उभा राहिला. तेजश्रीकडं त्यानं पाहिलं नाही.

"काका, सांधा उघडलाय. केसाएवढाच, पर उघडलाय. चूक माझी. तुमच्या लेकीनं सांगितलं होतं, तारा ओढू नका म्हणून. डोंगरात मला राहवलं न्हाई, चारी ओढल्या." त्यानं गाठोडं बाकड्यावर ठेवलं. "ठेवून जातो. जमलं तर जोडा. न्हाई जमलं तर लाकूड देव्हाऱ्याला वापरा. लाकूड चांगलं हाय."

बंकटरावांनी तोंड उघडलं. लेकीकडं पाहिलं. मग तोंड मिटलं, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि म्हणाले, "टेम्पोचं चाक जरा बसल्यावानी दिसतंय. बघून येतो." आणि बाहेर निघून गेले.

आता दुकानात दोघंच. आणि सोमवार.

तेजश्रीच्या मनात आलं, दिवा लावला की मौन सुटतं. मग आत्ताच दिवा लावला तर? क्षणभरच आलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. देवाशी कसली चलाखी करायची? ती आत गेली. देव्हाऱ्यापुढं उभी राहिली. देवा, मी मौन मोडतेय, ती मनात म्हणाली. विसरून नाही, समजून. काय शिक्षा करायची ती मला कर. वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली. तो उंबऱ्यापाशी पोचला होता.

"थांबा."

तो असा वळला, जणू देव्हाराच बोलला असावा.

"आज... आज सोमवार हाय."

"माहीत आहे."

"तुमी मौन —"

"मोडलं. आता मोडलंच आहे, तर सगळं ऐकून घ्या. मधे बोलू नका. तुम्हाला जमणार नाही, तरी." तिचा आवाज हळूच होता. "आत्यानं विचारलं तेव्हा मी गप्प होते, कारण सोमवार होता. तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प होते, कारण सोमवार होता. ती तिचं समजून मोकळी झाली. तुम्ही गूळ खाऊन मोकळे झालात. दिवा लावून मी धावत आले, तर नुसता धूर!"

"म्हणजे ते लगीन —"

"मधे बोलू नका म्हटलं ना!"

"हां. हां."

"ते लग्न मोडलं. नव्हतंच ते. आत्यानं त्याच दिवशी फोन करून सांगितलं." ती बाकड्यापाशी गेली. घोंगडी बाजूला सारली, वेलीवर बोट ठेवलं. "हे नवीन पान... माझ्या आईच्या लग्नातल्या झंपराची गुंडी आहे. डब्यात जपून ठेवली होती."

अभिमन्यू बघत राहिला. त्या एवढ्याशा पानावर सकाळचं ऊन पडलं होतं, आणि ते आधी गुलाबी झालं, मग हिरवं.

"कावून लावली?" त्यानं अगदी हळू विचारलं. "एवढी जपलेली... कावून?"

"असं कुणी विचारतं का?" ती म्हणाली. मग मान वर करून, पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर... हो. गेल्या सोमवारपासून हो आहे. आता तारा उतरवा आधी, सांधा तुटंल!"

घाईघाईत त्यानं खुंटी उलटीच फिरवली. तिनं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः तारा उतरवल्या. एक... एक... जाड तारा सैल होताना प्रत्येकीनं खोल, लांब उसासा सोडला.

बाहेर हॉर्न वाजला. "अभ्या! येतोस का न्हाई बे? चाकाला काय बी झालं न्हाई, हे काका उगंच लाथा मारून बघायलेत!"

"उद्या रातच्या गाडीनं येतो! दुसऱ्या कुणाची गिटार बघून ठेव!"

"आन् आज काय हाय?"

"सरस वाळायचाय!"

टेम्पो हसत हसत घाटाकडं निघाला. तेजश्रीचा चेहरा मात्र उतरला होता. ते त्याला दिसलं.

"काय झालं?"

"मोडलं ना व्रत. उद्या भरून काढावं लागेल. उद्याचा दिवस मौन."

"ते माझ्यापायी मोडलं," अभिमन्यू म्हणाला. "मी धरतो उद्या."

"तुम्ही?" तिला हसू आवरेना. "काष्ठमौन? न्याहारीपर्यंत तरी जमेल का?"

"बघाच."

*

मंगळवारी, दिवस उगवायच्या आधी अंघोळ करून, अभिमन्यू ओंडक्यावर येऊन बसला. बसला तो बसला. गिऱ्हाइकं आली, "पावनं कुठलं?" म्हणाली, पावनं गप्प. भिवराबाई अजून गेली नव्हती, तिनं चहा दिला, "साखर बरी हाय का?" विचारलं, पावनं गप्प. कुणी एक म्हातारी जाता जाता हळहळली, "एवढं देखणं पोरगं, आन् मुकं!" त्याचे कान लाल झाले, गाल फुगले, पण ओठ उघडले नाहीत. सांधा पुन्हा शिकंज्यात होता. तो आपला पॉलिश पेपर घेऊन गिटारची पाठ घासत राहिला, जी कुणी बघत नाही ती.

आणि बोलत होती ती तेजश्री! जन्मभराचं साठवल्यासारखी. आई कशी होती, पहिलं पान किती वाकडं कापलं होतं, डोंगरात मेंढरांना थंडी वाजते का, जाऊबाई नसलेल्या घरात सणाला करायचं काय... उत्तर येणार नव्हतं, म्हणून जास्तच. बोलता बोलता मधेच ती थांबायची. तो नुसता तिच्याकडं पाहायचा. बाकड्यावर तिचा एक तळहात असायचा, दुसऱ्या टोकाला त्याचा. मधल्या सागवानातून काहीतरी जात-येत होतं... आज तारा नसतानाही.

तिन्हीसांज झाली. आज तिनं वात अगदी सावकाश वळली. तेलात भिजवली, पुन्हा सरळ केली. कोपऱ्यातून बंकटराव म्हणाले, "लाव की बाई. बिचाऱ्याला श्वास घेऊ दे."

दिवा लागला. अभिमन्यूनं देवाला हात जोडले, वळला, आणि खाकरून, घसा बसलेल्या माणसासारखा म्हणाला, "काका... मला तुमच्याशी बोलायचंय."

बंकटरावांनी रंधा उताणा ठेवला. अंगावरचा भुसा झटकला. एवढा वेळ लावला, की तेजश्रीनं दिव्यात पुन्हा तेल घातलं.

"कालपासून मलाही एक विचारायचंय," ते म्हणाले. "तुझ्या आई-बापाला मेंढरं सोडून खाली यायला कवा जमंल?"

अभिमन्यूनं तोंड उघडलं. दिवसभर अडवून ठेवलेले सगळे शब्द एकदम दारात आले आणि अडकून बसले. एकही बाहेर पडेना. तो तेजश्रीकडं पाहत राहिला.

तेव्हा दिव्याची वात जरा पुढं सारत, मान खाली घालून, तिनंच उत्तर दिलं.

"कोणत्याही वारी, बाबा. फक्त सोमवार सोडून."